हितून उठलो

आमच्या पाचूबंदरात पिक्चर बघायचा तर आधी तिथी बघावी लागायची. हे मी सांगितलं तेव्हा माझी नात सानिका खो खो हसली. तिला वाटलं, मुहूर्त. मुहूर्त कसला डोंबलाचा! होड्या भरतीच्या पाण्यावर बंदरात येतात, आणि होडी लागली की मासळी उतरवायला, निवडायला बाया किनाऱ्यावर हजर पाहिजेत, मग घरात लग्न असो की बारसं. पुनवेला-अवसेला भरती भर दुपारी. तेवढं काम उरकून, वसईच्या बाजारात पाट्या रिकाम्या करून बाया तीनच्या खेळाला बसल्या की पडदा पडेपर्यंत त्यांना कोणी उठवायला नाही. पण पंचमी-षष्ठीला भरती येते चार-पाचाला. त्या दिवशी सकाळी सुकी मासळी विकायची, तीनला टॉकीजमध्ये शिरायचं, आणि इंटरवलचे दिवे लागले की तिथून थेट बंदरावर. त्यामुळे आमच्या गावाने काही पिक्चर पूर्ण बघितले आणि बाकीचे अर्धे. कित्येक हिरो शेवटी कोणाचे मुलगे निघाले ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. काही अडलं नाही.

पुरुषांना तर अर्धाही मिळायचा नाही. आम्ही पाण्यावर. मी चौथीनंतर शाळा सोडून बाच्या होडीत चढलो तो चढलोच. आम्ही पिक्चर बघत नव्हतो, ऐकत होतो. शुक्रवारी बायांनी बघायचा आणि शनिवारी दुपारी सांगायचा, अशी रीतच पडली होती. वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीची सावली पडायची, त्या सावलीत आम्ही पुरुष फाटकी जाळी सांधत बसायचो. समोर बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्यांवर बाया बोंबील वाळत घालायच्या. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी दोरीवर टाकायची. ओले बोंबील वाऱ्यावर हलायचे, त्यांचं पाणी वाळूत टपटप पडायचं, कावळे वर घिरट्या घालायचे, कुठल्यातरी घरातून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. आणि या सगळ्यात एखादी बाई सुरुवात करायची, "तर तो हिरो असतो ना, त्याला आय नसते."

एक कायदा होता. कोणी लिहिलेला नव्हता, पण मोडायची हिंमत कोणाची नव्हती. गोष्ट सांगणारीने जिथून टॉकीज सोडलं तिथे थांबायचं आणि मोठ्याने बोलायचं, "हितून उठलो." बस्स. त्याच्या पुढे जे सांगेल ते तिच्या मनातलं. मग सगळे मोकळे. कोणी म्हणायचं हिरोईन विष खाईल, कोणी म्हणायचं खाणार नाही, तिचं पोट भरलेलं दिसतंय. या पुढच्या भागाला खरी मजा. आधीचा भाग फक्त ऐकायचा, पण शेवट सगळ्यांनी मिळून करायचा.

आणि मतं! आता सानिका आणि तिचे मित्र विरारच्या मॉलमध्ये पिक्चर बघून येतात आणि आमच्या हॉलमध्ये बसून त्याची चिरफाड करतात. सेकंड हाफ ढिला होता, क्लायमॅक्स वाया घालवला, अडीच स्टार, तीन स्टार. मी कोपऱ्यात बसून ऐकतो. मला आवडतं. पण आमच्या बायांच्या पुढे ही पोरं कच्ची आहेत. फिलूमावशी, आमची ख्रिस्ती शेजारीण, हिरोईनच्या हातांवरून पिक्चर जोखायची. "ती कसली कोळीन! पाटी डोक्यावर घेतली तवा मान बगितली काय तिची? रिकामी पाटी व्हती ती." दुसरी म्हणायची, "गान्यात चार साड्या बदलल्या. नेसली कवा?" एकदा एका व्हिलनच्या घरातली भांडी एवढी लख्ख होती की बायांनी ठरवून टाकलं, ज्याची बायको अशी भांडी घासते तो माणूस पूर्ण वाईट असूच शकत नाही. टॉकीजच्या दारावरचा माणूसही यांना घाबरून असायचा. तो म्हणायचा, मावशी, पाट्या बाहेर ठेवा, वास येतो. तर फिलूमावशी त्याला म्हणाली, "मागच्या शुक्रवारच्या तुझ्या पिक्चरला आला तेवढा नाय येत."

माझी आय सगळ्यात वाईट सांगायची. दर शुक्रवारी न चुकता जायची आणि परत आल्यावर तिला काही म्हणजे काही आठवायचं नाही. "एक बंगला व्हता," एवढं सांगून गप्प. मग? "मग काय, मारामारी झाली." कोणाची? "पुरुषांची." लोक हसायचे. बा म्हणायचा, "बसायला कशाला जाते? त्यापेक्षा घरी झोप." आय त्याच्या पुढ्यात भाकरी टाकायची, वर सुक्या बोंबलाची चटणी. ती चटणी मात्र तिच्यासारखी कोणी करू नये. बोंबील निखाऱ्यावर भाजायचा, लसणीबरोबर पाट्यावर ठेचायचा, वरून कच्चं तेल आणि कैरीचा सुकवलेला तुकडा. तो वास दोन घरं ओलांडून जायचा.

आणि सगळ्यात भारी सांगायची मथुरा. समोरच्या आळीतली, माझ्याच बरोबरीची, लहानपणी माझ्याशी चिंचोक्यांवरून मारामारी करणारी. ती सुरू झाली की जाळ्यावरचे हात हळू व्हायचे. गाणं आलं की ती गाणं म्हणायची नाही, गाणं चालू असताना मागे काय काय चाललं होतं ते सांगायची. मागे एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती, कुत्रं झोपलं होतं, असलं काहीतरी. त्यामुळे खरं वाटायचं. मला ती आवडायची, तिला माहीत होतं, आयला माहीत होतं. पुढे ती माझी बायको झाली हे आताच सांगून टाकतो, कारण शेवट लपवून ठेवायची कला मला येत नाही. ती कला तिची. गेल्या भादव्यात ती गेली. तेव्हापासून घरात पिक्चर लागतात, पण सांगायला कोणी नाही.

आता बा. बा तांडेल होता, म्हणजे होडीवर त्याचा शब्द शेवटचा. घरातही तेच. आम्ही दोन भाऊ. मोठा दादूस आणि मी. आता दादूसचं दुखणं असं की त्याला समुद्र लागायचा. तांडेलाचा थोरला मुलगा, आणि बंदर सोडून होडी जरा हलली की ओकायचा. लिंबू झालं, देवीला नारळ झाला, अंगारा झाला, काही उपयोग नाही. एकदा मासळी भरपूर लागलेली, सगळी माणसं जाळं खेचतायत, आणि दादूस कठड्यावर वाकलेला. बंदरावर आल्यावर बाने सगळ्यांच्या समोर सांगितलं, "माझ्या होडीत ओकनारा मानूस माझा नाय. तोंड दाखवू नको." दादूसने कपडे घेतले आणि गेला. सातिवलीला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते, तिथे बादल्या बनवण्याच्या एका कारखान्यात लागला, तिथेच खोली घेतली. सातिवली काय विलायतेत आहे? सायकलने जाऊन यावं एवढ्यावर. पण बा बोलवायला तयार नाही आणि दादूस यायला. घरात त्याचं नाव बंद. त्याची जेवायची जागा बाच्या उजव्या हाताला होती, ती रिकामी असायची. मी एकदा चुकून तिथे बसलो तर बा ताटावरून उठला.

अशात आयने माझ्या लग्नाचा विषय काढला. मथुराचं नाव घेतलं आणि बा भडकला. "पिक्चरवाली पोर? शंभर पुरुषांत बसून हिरो-हिरोईनच्या गोष्टी सांगते ती? माझ्या घरात नको." आयने विषय सोडला, पण मनातून नाही. मी तर काय, बाच्या पुढे माझी जीभ उचलायची नाही. रोज पाण्यावर जायचो, परत यायचो आणि शनिवारची वाट बघायचो.

तेव्हा एक पिक्चर लागला. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तुम्ही मोबाइलवर शोधून काढाल आणि शेवट बघून मोकळे व्हाल. गोष्ट टांगेवाल्याची. म्हातारा टांगेवाला, त्याला एक मुलगा. मुलाला टांगा नको, मोटार चालवायची असते. बाप त्याला घराबाहेर काढतो. षष्ठीचा शुक्रवार होता, म्हणजे बाया इंटरवलला उठून आलेल्या हे आपोआप ठरलेलं. शनिवारी मथुरा सांगायला बसली. बा होडीच्या पुढच्या टोकाला टेकून जाळं सांधत होता. तो कधी ऐकतो असं दाखवायचा नाही. मथुराने टांग्याचा आवाज काढला, मुलगा गेल्यावर म्हातारा घोड्याशी कसा बोलतो ते सांगितलं, आणि मी सहज बाकडे बघितलं. त्याची सुई जाळ्यात तशीच अडकलेली. हात थांबलेला.

मथुराही बघत होती. ती बोंबलांची एक जोडी दोरीवर टाकेपर्यंत थांबली आणि पुढे सांगत गेली. "हितून उठलो" बोलायचं तिथे ती बोललीच नाही; ऐकण्याच्या नादात आम्हा पुरुषांना तिथी आठवली नाही, आणि बायांनी तिला टोकलं नाही. तिने सांगितलं की थंडीचे दिवस येतात. म्हातारा सकाळी टांगा जुंपून बसलेला असतो. धुक्यातून मुलगा चालत येतो. म्हातारा त्याच्याकडे बघत नाही. शिवी देत नाही, ये म्हणत नाही. फक्त बसल्या जागी थोडा बाजूला सरकतो. मुलगा त्या जागेवर चढून बसतो. घोडा चालायला लागतो. संपला पिक्चर.

फिलूमावशीने पदराने नाक पुसलं. बाने जाळं गुंडाळलं आणि घरी निघून गेला. संध्याकाळी चर्चची घंटा झाली, आय चुलीपाशी बसली होती, मी दारात. बा एकदम म्हणाला, "घोड्याचं काय झालं?"

"कुठल्या घोड्याचं?" आय म्हणाली.

"पिक्चरमधल्या. म्हातारा झालेला ना तो?"

"मला काय म्हाईत. घोडा व्हता काय त्याच्यात?"

बाने कपाळावर हात मारला. मग दुसरीकडे बघत म्हणाला, "ती पोर वाईट नाय. इचारून बग तिच्या घरात." आयने माझ्याकडे बघितलं आणि भाकरी उलटायची विसरली. ती करपलेली भाकरी मी खाल्ली आणि मला ती गोड लागली. हसायचं तर हसा.

पण त्याच रविवारी फिलूमावशीचा जावई इनास आला. तो मुंबईत कचेरीत होता, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि नवा पिक्चर लागला की पहिल्याच आठवड्यात बघायचा. माणूस वाईट नव्हता, पण माहिती असली की त्याला गप्प बसवत नसे. किनाऱ्यावर बसलेल्या लोकांत विषय निघाला आणि कोणीतरी सरकणाऱ्या म्हाताऱ्याचं कौतुक केलं. इनास म्हणाला, "कोन सरकतो? म्हातारा मरतो! पोरगा येतो तवा बापाची तिरडी बांधलेली असते. घोडा रडतो. मोठं गानं हाय शेवटाला."

झालं. "मथी खोटं बोलली" असं आळीभर झालं. एवढं काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्याकडे ज्याने "हितून उठलो" सांगितलं नाही तो मासळी न बघता बघितली म्हणणाऱ्या माणसासारखा. त्याच्या शब्दावर उद्या कोण होडी सोडणार? दुसऱ्या दिवशी बा सरळ मथुराच्या समोर जाऊन उभा राहिला. ती बोंबील काढत होती.

"हितून उठलो का नाय बोललीस?"

"इसरले," ती म्हणाली.

"तू इसरत नाय. कुत्र्याचा रंग सांगतेस तू." एवढं बोलून तो वळला आणि आयला म्हणाला, "तो इषय संपला."

मी संध्याकाळी मथुराला गाठलं. ती वाळलेले बोंबील पाटीत भरत होती. मी म्हणालो, "का केलंस असं? आपलं लगीन ठरत आलं होतं."

"तुझ्या बापाची सुई थांबली व्हती," ती म्हणाली. "तवा मी काय बोलू? हितून उठलो? तो पन उठून गेला असता."

तिने पाटी भरून बाजूला केली. मग ती म्हणाली, "आनखी एक सांगते. तुझी आय पिक्चर बगतच नाय."

"म्हणजे?"

"दादूसला शुक्रवारी सुट्टी असते. पुढच्या बाकावर जागा धरून बसतो. तुझी आय त्याच्या बाजूला. दोघं काळोखात बोलत बसतात. आमी मधे कोनी बसत नाय."

मला तेव्हा उभ्या उभ्या सगळं कळलं, एक बंगला होता आणि पुरुषांची मारामारी झाली, ते सगळं. सगळ्या बायांना माहीत होतं आणि एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. आमच्या गावात बाया बोलतात फार, पण काय बोलायचं नाही ते त्यांना पक्कं ठाऊक.

बा तीन दिवस धुमसत राहिला. आणि गुरुवारी जेवताना म्हणाला, "उद्या तेरस. भरती सकाळीच. मी पिक्चरला जानार. बगूनच येतो कोन खोटं बोलतो ते." ज्या माणसाने जन्मात टॉकीजची पायरी चढली नव्हती! आयचा हात कालवणाच्या टोपात तसाच राहिला. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. दादूसला निरोप द्यायला वेळ होता. मी सायकल काढू शकलो असतो. पण आय एवढंच म्हणाली, "जा. ह्याला संगती घेऊन जा. मी उद्या जात नाय." आणि शुक्रवारी निघताना तिने माझ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी-चटणी दिली. कोणासाठी ते बोलली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा आत काळोख झालेला. दारावरच्या माणसाने आमचा अवतार बघितला, बाची लाल टोपी बघितली आणि न विचारता बॅटरी मारत पुढच्या बाकांकडे नेलं. "कोळीवाड्याची जागा ही," तो म्हणाला. बाला काळोखात काही दिसेना. समुद्रावर रात्रीचा तारा बघून घर गाठणारा माणूस, तो तिथे बाकांना ठेचाळत होता आणि शिव्या देत होता. तिथल्याच एका बाकावरच्या माणसाने त्याचा दंड धरला आणि तो बाजूला सरकला. बा बसला. त्याच्या पलीकडे मी.

सरकलेला माणूस कोण ते मला पडद्याच्या उजेडात दिसलं. त्यालाही दिसलं. त्याने आयसाठी धरलेल्या जागेवर बाप येऊन बसला होता. दादूस असा ताठ बसला होता की मला वाटलं, त्याला आता समुद्र लागणार. पडद्यावर टांगा धावत होता आणि मी फडकं घट्ट धरून बसलो होतो. पण चटणीचा वास धरून ठेवता येतो काय? तो पसरला. बाने मान जरा वर केली, जशी तो वारा बघताना करायचा. एकदा माझ्या हाताकडे बघितलं. मग दुसऱ्या बाजूला, अगदी थोडं, आणि लगेच समोर पडद्याकडे. त्यानंतर इंटरवलपर्यंत तो हलला नाही.

दिवे लागले. दादूस उठला. मान खाली घालून म्हणाला, "मी जातो बा."

बाने माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि दादूसच्या हातात ठेवलं. "खा," तो म्हणाला. "आयेनं दिलंय." दादूस तसाच उभा. बा म्हणाला, "बस खाली. मला पुढचं बगायचंय."

दादूस बसला. त्याने भाकरी मोडली, अर्धी बाला दिली, बाने ती घेतली. मला कोणी दिली नाही. मागच्या रांगेतला एक माणूस वासाबद्दल काही बोलला, तर बा मागे न बघता म्हणाला, "नाक बंद कर."

पिक्चरचा शेवट इनासने सांगितला तसाच होता. तिरडी, घोडा, मोठं गाणं. अख्खं टॉकीज रडत होतं, बायांचे हुंदके ऐकू येत होते. आणि त्या सगळ्यात बा जोरात बोलला, "एवढ्या लवकर मरतो काय बाप?" चारी बाजूंनी लोकांनी त्याला गप्प केलं. तो पुटपुटत राहिला. बाहेर आल्यावर उन्हात डोळे चोळत तो दादूसला म्हणाला, "तुज्या कारखान्यात काय बनवतात?"

"बादल्या."

"गळत नायत ना?"

"नाय."

"मग एक आन घरी. आयेची फुटलीय."

दुसऱ्या दिवशी शनिवार. होडीच्या सावलीत एवढी गर्दी मी कधी बघितली नव्हती. सगळ्यांना तांडेलाचं मत पाहिजे होतं. मथुरा पाठमोरी बोंबील टाकत होती, पण जोड्या नीट अडकत नव्हत्या, खाली पडत होत्या. बाने सुई-दोरा खाली ठेवला.

"इनास बोलला ते खरं हाय," तो म्हणाला. "पिक्चरमधे बाप मरतो."

कोणीतरी "बगा" म्हणालं. मथुराचे हात थांबले.

"पन तो पिक्चर चुकीचा हाय," बा म्हणाला. "ज्यानं काढला त्याला बाप म्हंजे काय ते कळलेलं नाय. पोरगा घरी येईस्तवर बाप मरत नाय. मरवतच नाय त्याला. ही पोर बोलली तोच शेवट बरोबर."

"म्हंजे माजा जावई खोटा?" फिलूमावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"खोटा नाय गो. अडानी."

किनारा असा हसला की कावळे उडाले. हसणं उतरल्यावर मथुरा वळली. म्हणाली, "तांडेल, मी हितून उठलो बोलायला पायजे व्हतं."

"पायजे व्हतं," बा म्हणाला. "इसरली नव्हतीस ना?"

"नाय."

"मग आमच्या घरात आल्यावर बोलत जा."

असं माझं लग्न ठरलं. मला कोणी विचारलंही नाही. मी जाळ्यात सुई घालत होतो ती अंगठ्यात घुसली, एवढं आठवतं. त्याच दिवशी संध्याकाळी दादूस नवी बादली घेऊन आला. तो दारात आला तेव्हा बा जेवत होता. त्याने ये म्हटलं नाही. उजव्या हाताच्या जागेवर पडलेला माझा शर्ट उचलला आणि माझ्या अंगावर फेकला. दादूस त्या जागेवर बसला. होडीवर तो पुन्हा कधी चढला नाही आणि बाने कधी चढवलं नाही.

लग्नानंतर मी मथुराला टॉकीजमधलं सगळं सांगितलं. बा ठेचाळला, दादूसने दंड धरला, दादूस सरकला. म्हणालो, "बघ, तुझ्या गोष्टीत बाप सरकतो. खरं तर मुलगा सरकला होता." ती भांडी घासत होती. म्हणाली, "तुला काळोखात काय दिसलं? बापच सरकला." मी म्हणालो, मी तिथे होतो. ती म्हणाली, "तू सांगतोस कसं, आयेसारखं. एक बाक व्हता. माझ्या पिक्चरमधे बापच सरकनार." आणि पुढे आमच्या पोरांना, नातवंडांना तिने ती गोष्ट तशीच सांगितली. आता मलाही कधी कधी बाच सरकलेला दिसतो.

पुढे आम्ही पोराबरोबर विरारला फ्लॅटमध्ये आलो. भरती-ओहोटीचा संबंध संपला, टीव्ही घरात आला, मग तो मोबाइलमध्येही शिरला. पण मथुराची सवय गेली नाही. कुठलाही पिक्चर असो, शेवटाच्या थोडं आधी ती उठायची, भात टाकायला, नाहीतर गॅलरीतले कपडे काढायला. जाता जाता "हितून उठले रे" म्हणायची आणि स्वयंपाकघरातून शेवट स्वतःचा सांगायची. मी इकडे खरा शेवट बघत असायचो. तिचा बहुतेक वेळा जास्त चांगला असायचा. सानिका म्हणायची, आजीला या लोकांनी कामाला ठेवायला पाहिजे. गेल्या भादव्यात मात्र ती दुपारच्या पिक्चरमध्येच उठली, छातीत कसंतरी होतंय म्हणाली, आतल्या खोलीत जाऊन पडली. कुठून उठली ते त्या वेळी बोलली नाही. पुढचं न बघताच मी टीव्ही बंद केला. तो पिक्चर मी अजून बघितलेला नाही आणि बघणारही नाही.

पण बाकीचे बघतो. रडत बसणारा माणूस मी नाही. परवा सानिका आणि तिच्या मैत्रिणी नव्या पिक्चरवरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. एकीला शेवट पटला नव्हता, हिरोईनने परत जायला नको होतं म्हणे. मी म्हणालो, मग तुझा कुठला? ती म्हणाली, "माझा म्हणजे? शेवट तर दाखवला ना, आजोबा." मी म्हणालो, दाखवला म्हणून काय झालं? मग त्या पोरीने जरा विचार करून तिचा सांगितला, दुसरीने तिचा, आणि भात होईपर्यंत हॉलमध्ये नुसता गोंधळ. बऱ्याच दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं. कोळीवाड्यातल्या शनिवारसारखं, फक्त बोंबील नव्हते.

पोरी गेल्यावर सानिकाने दुसरा पिक्चर लावायला घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आबा, एवढा सोफा मोकळा आहे, तुम्ही असे कडेला सरकून का बसता नेहमी? मध्ये बसा ना."

मी म्हणालो, "असू दे. तू लाव."